छताचं प्रकरण

६ जानेवारी २०२५, सोमवार. उदगीर

डायरी लिहायची सवय सुटून आठ वर्षं झाली. नोकरीत होतो तेव्हा कामाची डायरी होती. खडी आली का, सिमेंट किती लागलं, पाऊस झाला का, एवढंच त्यात. निवृत्त झाल्यावर तेही राहिलं नाही.

आज लातूरहून सोमेश आले होते. त्यांचं लहानसं प्रकाशन आहे, शेतीची आणि शेळीपालनाची पुस्तकं काढतात. आता त्यांना घर बांधण्याचं पुस्तक काढायचंय. इथल्याच मातीचं, कमी सिमेंटचं, उन्हाळ्यात थंड राहणारं घर.

"अप्पा, बाजारात जी पुस्तकं हायेत ती कोकणातली न्हाईतर केरळातली," ते म्हणाले. "तिथला दगड वेगळा, पाऊस वेगळा. आपल्या काळ्या जमिनीत घर कसं उभं करावं हे कुणी सांगतच न्हाई. तुम्ही तीस वर्षं ओव्हरसियर होतात. तुम्ही लिहा."

मी हो म्हणून टाकलं. बायको, रत्नम्मा, चहा घेऊन आली होती. तिनं एवढंच विचारलं, "छपराचं पण लिहिणार का त्यात?"

म्हटलं, घराचं पुस्तक म्हणजे छत येणारच. ती रिकामे कप घेऊन आत गेली. तिला माझ्या कामात कधी रस नव्हता, आता तरी कुठून येणार.

९ जानेवारी

प्रकरणं ठरवली. जागा, पाया, माती, भिंत, वारा-उजेड, छत, पाणी, झाडं. सकाळी लिंगपूजा झाली की खिडकीपाशी बसतो. पाया आणि माती ही दोन प्रकरणं झरझर होतील असं वाटतंय.

एक गोष्ट मात्र टोचते. किल्लारीच्या भूकंपानंतर मीच गावोगाव सांगत फिरलो होतो, मातीचं घर आता बांधू नका. लोकांनी ऐकलं, सिमेंटचे स्लॅब टाकले. आज त्या स्लॅबखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. लोक बाहेर मांडव टाकून राहतात आणि आत ज्वारीची पोती ठेवतात. आता मी उलटं लिहायला बसलोय. लोक विचारतील, अप्पा, तेव्हा खोटं बोलत होता का आता?

१९ जानेवारी, रविवार

देगलूरहून मंजुश्री आली. जावई महांतेश यांचं तिथं भुसार दुकान आहे आणि ती मुलींच्या शाळेत शिकवते. सोळा वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता गावाच्या कडेला जागा घेतलीय. माझे लिहिलेले कागद तिनं दोन तासांत वाचून काढले आणि म्हणाली, "अप्पा, आमचं घर असंच बांधायचं. पुस्तकाबरहुकूम."

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. आधी छाती फुगली, मग तेच कागद पुन्हा पहिल्यापासून तपासत बसलो. दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

रत्नम्मा कणीक मळत होती. हात तसेच भरलेले घेऊन बाहेर आली.

"पुस्तकात काय लिहायचं ते लिहा. माझ्या लेकीला मातीखाली घालू नका."

मंजू म्हणाली, "अव्वा, आता तसली घरं न्हाईत गं." पण ती आत निघून गेली होती.

रत्नम्माची धाकटी बहीण नीलम्मा त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. औशाच्या पलीकडच्या गावात, नवऱ्यासकट, घरातच. तेव्हापासून आमच्यात या विषयावर बोलणं नाही. मी काढत नाही, तीही काढत नाही. एकतीस वर्षं झाली. तिच्यापुरतं ते आता मागं पडलं असेल असं मी धरून चाललो होतो.

२ फेब्रुवारी

मंजू हटून बसलीय. महांतेशही तयार आहेत. मी अट घातली की आधी माती तपासायची, मग बोलायचं.

देगलूरच्या जागेवरची आणि जवळच्या माळावरची माती पिशव्यांतून आणली. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवायचं, मग एक दिवस तसंच ठेवायचं. रेती खाली बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. थर मोजले की कळतं, वीट होईल का नाही. बरणी रत्नम्मानंच दिली, लोणच्याची. दिवसभर येता-जाता त्या बरणीकडं बघत होती. म्हटलं, घासून देतो तुझी बरणी, फिकीर करू नकोस.

जागेवरची काळी माती बाद. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाया खणून मुरमापर्यंत न्यावा लागेल. माळावरची तांबडी माती मात्र उत्तम.

११ फेब्रुवारी

छताचं प्रकरण सुरू केलं. अर्धं पान झालं. एवढंच झालं:

"आपल्या भागातल्या जुन्या घरांना माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याखाली गार वाटे. पण माळवद गळू लागलं की लोक त्यावर मातीचा आणखी एक थर घालतात, आणि असं दरवर्षी"

पुढं जात नाही. कंबर दुखतेय. उद्या बघू.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र झाली. छताचं प्रकरण जिथं होतं तिथंच आहे. पुढची दोन प्रकरणं लिहून झाली, पाण्याचं आणि झाडांचं. सोमेश यांचे दोन फोन येऊन गेले.

आज कागद लावताना दिसलं, छताच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, हळदीचं बोट उमटलंय. जेवता जेवता कागद हाताळायची माझी वाईट खोड.

९ मार्च. देगलूर

पाया झाला. मुरमापर्यंत खणून दगडानं भरला. श्रीमंत नावाचा मिस्त्री मिळालाय, भला माणूस आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वाक्यात बोलतो, आणि हात तिन्हींपेक्षा जास्त बोलतात. दाबाच्या मशीनवर दोन बाया आणि एक गडी तीन आठवड्यांपासून विटा पाडतायत. मातीत थोडंसं सिमेंट घालायचं, दाबायचं आणि सावलीत एकवीस दिवस पाणी मारायचं. भट्टी नाही, धूर नाही, लाकूड जळत नाही.

मिस्त्रीला भिंतीच्या पट्ट्यांचं समजावलं. जोत्यावर एक, दारांच्या वर एक आणि छताखाली एक. सळई आणि काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींना गुंडाळून घ्यायचा, म्हणजे हादरा बसला तरी भिंती एकमेकींना सोडत नाहीत.

तो म्हणाला, "साहेब, हे तुमच्या कागदावर ठीक हाय. पण आजूबाजूची माणसं रोज येऊन इचारतात, मातीचं घर पडंल का म्हणून. एकदा दाखवून टाका की."

"कसं दाखवणार?"

"ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन घरं बांधतो, कंबरेएवढी. एक जुन्या पद्धतीचं, एक आपलं. अन् त्या नांगरटीतून पळवतो ट्रॉली. कोणतं राहतं ते बघू द्या समद्यास्नी."

तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

१६ मार्च

रत्नम्मा देगलूरला यायला तयार नाही. जागा बघायलाही एकदाही आली नाही. मात्र मी निघालो की डबा, पाण्याची बाटली, टोपी, आणि दरवेळी तोच प्रश्न, "वर काय घालणार ठरलं का?" मी सांगतो की बांबूवर कौलं, हलकं छत. ती म्हणते, "किती हलकं?" मी एकदा वैतागून म्हटलं, तुला वजन करून दाखवू का? ती म्हणाली, "दाखवा."

बायकांना एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते.

२३ मार्च, रविवार. देगलूर

आजचा दिवस माझ्या नोकरीतल्या कुठल्याही दिवसापेक्षा चांगला गेला.

मंजूनं आईला गळ घालून आणलं होतं. पन्नास-साठ माणसं जमली. ट्रॉलीत दोन लहान घरं होती. डावीकडचं दगड-मातीचं, वर फळ्या, फळ्यांवर दोन पाट्या माती. उजवीकडचं आमच्या विटांचं, तीन पट्टे, वर बांबू आणि कौलं. मी अर्धा तास बोललो. मग ट्रॅक्टर नांगरटीत घातला.

दुसऱ्याच सरीला डावीकडच्या घराची मागची भिंत फुगली. तिसऱ्या सरीला छत खाली आलं. आधी एक कोपरा, मग सगळी माती एकदम. धूळ उडाली. उजवीकडच्या घराची चार कौलं सरकली, बाकी काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीनं मला मिठी मारली. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच विटेला हात लावून बघत होते.

रत्नम्मा तेवढ्यात रिक्षात जाऊन बसली होती. ऊन लागलं असेल. मी पाणी नेऊन दिलं, तिनं घेतलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. मी तिला सांगत होतो, बघितलंस ना, आपलं घर राहिलं.

२४ मार्च

सकाळी मंजूचा फोन आला. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"अप्पा, तुम्ही काल अव्वासमोर ते घर पाडलंत."

मी म्हटलं, अगं, दाखवायलाच तर पाडलं.

"तेच म्हणतेय मी. टाळ्या वाजवल्या लोकांनी. अव्वा तिथं उभी होती, अप्पा."

मी फोन ठेवला.

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? मी तिच्यासमोर तिच्या बहिणीचं घर पुन्हा पाडलं, आणि वर म्हटलं, बघितलंस ना.

पुस्तकाचं आज काही लिहिलं नाही. तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं. मी मान वर केली नाही.

२५ मार्च

दुपारी ती मागच्या पायरीवर हरभरे निवडत होती. मी खालच्या पायरीवर बसलो. मला माफी मागायची होती, पण तिनंच विचारलं.

"त्या ट्रॉलीतल्या घरावर किती माती घातली होती?"

"दोन पाट्या."

"अन् नीलम्माच्या घरावर?"

आता हे लिहिलंच पाहिजे. एकतीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, या डायरीलाही नाही. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मी नीलम्माच्या गावी मुक्कामाला होतो. त्यांचं माळवद गळत होतं. साडूंनी विचारलं, तुम्ही खात्यातले, काय करावं? मी म्हटलं, पांढऱ्या मातीचा आणखी एक वीतभर थर घाला आणि धुम्मसानं ठोकून घ्या. सगळे तेच करत. मी भिंत बघितली नाही, तुळई बघितली नाही, आधीचे थर किती आहेत हेही विचारलं नाही. चहा पिता पिता सांगितलं.

मी रत्नम्माला हे सांगितलं. काही वगळलं नाही. ती हरभरे निवडत राहिली.

मग म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"पंचमीला आली होती ती. तिनंच सांगितलं. अक्का, म्हणाली, यंदा एक थेंब गळला न्हाई. भाऊजींनी सांगितलं तसं केलं. लई खूश होती. तुमच्यासाठी करंज्या आणल्या होत्या तिनं."

करंज्या मला आठवतात. मी खाल्ल्या होत्या.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तवा तुम्ही ढिगारे उपसून यायचात अन् हात धूत बसायचात. जेवत नव्हतात. मी बोलले असते तर तुम्ही पण गेला असता. मला एक माणूस तरी ठेवायचं होतं."

"राग नाही आला?"

"आला की. आठ-नऊ वर्षं होता."

"मग?"

"मग मंजूची दहावी आली."

सूप बाजूला ठेवून ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. म्हणाली, "आता लिहा. पण 'लोक थर घालतात' असं नका लिहू. तुम्ही सांगितलं होतं असं लिहा. अन् तिचं नाव घाला. एकतीस वर्षांत तिचं नाव कुणी कुठं लिहिलं न्हाई."

ते वाक्य तिला कसं ठाऊक, कोण जाणे. मी कधीतरी मोठ्यानं वाचलं असेन.

२६ मार्च

छताचं प्रकरण एका बैठकीत झालं. अकरा पानं. सुरुवात अशी:

"१९९३ च्या उन्हाळ्यात मी, या पुस्तकाचा लेखक, नीलम्मा नावाच्या बाईच्या घरी जेवलो आणि तिच्या घराच्या छतावर आणखी माती घालायला सांगितलं. ती माझी मेहुणी होती. वय सव्वीस. तिनं माझं ऐकलं. छताविषयी कुणी सल्ला दिला, मग तो माझ्यासारखा खात्यातला माणूस का असेना, तर त्याला आधी विचारा, भिंत बघितलीत का?"

पुढं माळवदाचं वजन कसं काढायचं, जुने थर उतरवायचे कसे, तुळया तपासायच्या कशा, हलकं छत गार कसं ठेवायचं, सगळं आहे. रत्नम्माला वाचून दाखवलं. सव्वीसवर तिनं हात वर केला. "पंचवीस. सव्वीस पुरी झाली नव्हती." दुरुस्त केलं.

६ एप्रिल. देगलूर

आज दारांच्या वरचा पट्टा भरला. रत्नम्मा सकाळी सातपासून उभी होती. मिस्त्रीला विचारलं, कोपऱ्यात सळई वळवली का नुसती टेकवली? तो म्हणाला, "अव्वा, वळवली, हे बघा." तिनं हात घालून बघितलं, चारही कोपऱ्यांत. मग म्हणाली, "आता ओता."

मिस्त्री मला हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्यापेक्षा ह्या कडक हायेत."

१४ एप्रिल

सोमेश यांनी प्रकरण वाचलं. फोनवर म्हणाले, "अप्पा, बाकी सगळं फर्स्ट क्लास. पण ती सुरुवात काढू या. मार्गदर्शक पुस्तकाच्या लेखकानंच स्वतःची चूक सांगितली तर वाचकाचा विश्वास राहील का?"

खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, बरं झालं, काढून टाकू. रत्नम्मानं माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, रविवारी जेवायला या. मग बोलू."

२० एप्रिल, रविवार

सोमेश जेवून गेले. रत्नम्मानं त्यांना शेंगाची पोळी वाढता वाढता नीलम्मा कशी होती ते सांगितलं. ती शेणानं सारवताना मधेच उठून नाचायची, तिला उदगीरच्या किल्ल्यात एकटीला सोडलं तर ती दिवसभर तिथंच राहिली असती. हे सगळं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. एकतीस वर्षं मी ज्या बाईला फक्त ढिगाऱ्यातली म्हणून ओळखत होतो, तिला नाचता येत होतं.

जाताना सोमेश म्हणाले, सुरुवात राहू द्या.

१८ मे, रविवार. देगलूर

घरभरणी झाली. जंगम आले, पूजा झाली, गावजेवण झालं. दुपारी दोन वाजता बाहेर बेचाळीस अंश, आत तेहेतीस. महांतेश प्रत्येक पाहुण्याला तो आकडा दाखवत होते.

जेवणं उरकल्यावर रत्नम्मा दिसेना. शोधलं तर आतल्या खोलीत, नुसत्या फरशीवर, उशाला हात घेऊन झोपली होती. दिवसा झोपलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. मंजू उठवायला निघाली होती, मी नको म्हटलं. दारात बसून राहिलो. कुणी आलं की बोट ओठावर ठेवायचो.

दमली असेल. पहाटेपासून उभी होती.

१२ नोव्हेंबर

पुस्तक येऊन तीन आठवडे झाले. रोज दोन-तीन फोन असतात. बहुतेकांना विटांचं मशीन कुठं मिळतं ते हवं असतं.

आज एक जोडपं दारात आलं. हणमंतराव आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, रेणापूरजवळच्या खेड्यातले, शेतकरी. पिशवीतून पुस्तक काढलं, छताच्या प्रकरणात बसचं तिकीट घातलं होतं.

"आमचं माळवद हाय अजून," हणमंतराव म्हणाले. "भूकंपात वाचलं म्हणून आमच्या बापानं मोडू दिलं न्हाई. गळलं की माती घालत आलो. यंदाच्या पावसानं तर लई जड झालंय, तुळई वाकून राहिली. पोरं म्हणतात, स्लॅब टाका. ही म्हणते, ह्या पुस्तकवाल्याला इचारा."

मी म्हटलं, भिंत बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

"मग चला की."

मी वळून बघितलं. रत्नम्मा आधीच आत पिशवी भरत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार. रेणापूर तालुका

काल भिंती आणि तुळया बघितल्या. घर वाचेल. तुळयांना खालून टेकू दिले आणि आज सकाळी सातला थर उतरवायला सुरुवात केली. वर चार गडी, अगदी कडेकडेनं, मधे कुणी चढायचं नाही. शिडीपासून अंगणाच्या टोकापर्यंत बायकांची रांग, पाट्या हातोहात पुढं जातात.

मी शिडीपाशी सूचना देत होतो. मागं वळलो तर रत्नम्मा पदर खोचून रांगेत उभी. लक्ष्मीबाई म्हणत होत्या, "अहो, तुम्ही पाव्हण्या, सावलीत बसा की."

"बसायला न्हाई आले मी."

बासष्ट वर्षांची बाई. मी थांबवायला गेलो आणि थांबलो. ती पाटी घ्यायची, क्षणभर छातीशी धरायची आणि पुढच्या बाईला द्यायची. पुन्हा हात पुढं. थोड्या वेळानं ती शेजारच्या बाईला काहीतरी सांगू लागली. मला नीट ऐकू येत नव्हतं. बाया हसल्या. मग पुन्हा हसल्या. नीलम्माचं नाव ऐकू आलं.

दुपारपर्यंत दोन थर उतरले. खालच्या थराची माती वेगळी होती, पांढरी, चाळून घेतलेली. हणमंतरावांनी ती मुठीत घेतली. "ही बापानं घातलेली."

रत्नम्मानं तोंडावरचा घाम पुसला, वर बघून विचारलं, "अजून किती हायेत?"

"आज्याचे धरून चार असतील," ते म्हणाले.

"मग उद्या पण हाय मी," ती म्हणाली, आणि पुढच्या पाटीसाठी हात वर केले.